तुंगार्लीचं झाड, परंदवडीचं पाणी

परंदवडी,
मंगळवार

खुर्शीदा आपाच्या खिदमतीत धाकट्या नसीरचा सलाम पोचावा.

इथं माणसं सगळी खुशाल आहेत. तमन्नाची सर्दी गेली, दुकानाचा पत्रा गळायचा थांबला, आणि माझं बीपी डॉक्टर म्हणतो तसं नसलं तरी मी म्हणतो तसं आहे. तुझ्या गुडघ्याचं कळव. (मागच्या अंगणातल्या फरशीवर शेवाळ धरलंय, तिथं पाय ठेवू नकोस, हे मी आता शेवटचं सांगतोय. गेल्या पावसात तू तिथंच पडलीस, दूधवाला येईपर्यंत तशीच भिंतीला टेकून बसलीस, आणि आम्हाला ते कळलं कधी, तर पाऊस संपल्यावर, तेही दूधवाल्याकडून. सख्खा भाऊ तासाभरावर राहतो, आणि खबर दूधवाल्याला आधी!) हातात चांगला मोबाइल असताना हा माणूस कागद-पेन घेऊन का बसला, असं तुला वाटेल. त्याला कारण आहे, पण ते फार शोभेचं नाही म्हणून शेवटी ठेवलंय. पत्र शेजारच्या कोंडाजी आबांच्या हाती पाठवतोय. त्यांना चहा दे. त्यांच्या हातात रिकामा कॅन दिसेल, त्याविषयी मात्र पुढचं वाचेपर्यंत एक शब्द बोलू नकोस.

आता मुद्द्यावर येतो. ईदला तू इकडे आलीस तेव्हा तुला कायमचं ठेवून घ्यायचा आमचा बेत होता. तो तुला पहिल्याच दिवशी कळला, कारण तमन्नाने आतल्या खोलीला नवे पडदे लावले होते आणि ती उगाच पडदे लावणारी बाई नाही. पण आमच्या बोअरच्या पाण्याने घात केला. तुरीच्या डाळीने कुकरमध्ये शिट्ट्यांवर शिट्ट्या खाल्ल्या आणि दाणा काही मोडला नाही. साबण घासून घासून तुझे हात दुखले, फेस म्हणून आला नाही. चहावर जी साय आली ती दुधाची नव्हती. तू बॅग भरलीस, मी आणि तमन्ना तुला तुंगार्लीला तुझ्या घरी सोडायला आलो, आणि आम्ही दारातून परत फिरताना तू दुल्हाभाईंच्या मागं जपलेल्या त्यांच्या फिश टँकमध्ये हात घालून ते नागमोडी काठाच्या पानांचं झाड मुळासकट उपटलंस, ओल्या पेपरात गुंडाळून माझ्या हातात ठेवलंस, आणि म्हणालीस, हे तुझ्या पाण्यात रुजव, रुजलं तर मीही येईन. तू हसत म्हणालीस, म्हणजे ती तुझी नाही म्हणायची रीत. पण मी व्यापारी माणूस आहे. माझ्या लेखी तोंडी सौदा हाही सौदाच, आणि तमन्ना साक्षीला उभी होती.

(त्या झाडाचं नाव क्रिप्टोकोरिन. दुल्हाभाई नुसतं क्रिप्टो म्हणायचे. मी दुकानात हे नाव घेतलं तर टाइल्स बघायला आलेला एक पोरगा म्हणाला, काका, त्यात आत्ता पैसे टाकू नका. मी त्याला बाथरूमच्या टाइल्स महाग लावल्या.)

तुझं झाड एकदम पाण्यात सोडायची हिंमत होईना. ते मी तुझ्याकडूनच बाटलीत भरून आणलेल्या पाण्यात, बरणीत, स्वयंपाकघराच्या खिडकीत ठेवलं आणि आधी ऐरीगैरी झाडं पुढं घातली. टँक आणला, चांगला मोठा. आता तळाला काय टाकायचं? आपा, ज्याच्या दुकानाच्या मागं गोण्यांवर गोण्या मार्बलची खडी पडलीय त्याने हा प्रश्न विचारायचा का? पांढरीशुभ्र, एक नंबर मालाची खडी मी स्वतः निवडली, धुतली, पसरली. तमन्नाला वाटलं आपणही काही करावं, म्हणून तिने माहेरून, श्रीवर्धनहून आणलेले शंख-शिंपले ओंजळभर वर मांडले. मग बोअरचं पाणी, मग तळेगावहून आणलेली झाडं. टँक असा दिसायला लागला की गिऱ्हाइकांना मी आधी घरात नेऊन तो दाखवायचो आणि मग सिंक दाखवायचो. पहिल्या आठवड्यात पानं पिवळी झाली. दुसऱ्यात त्यांच्यावर पांढरं पीठ बसलं, बोटाने पुसलं तर खरखरीत लागायचं. तिसऱ्यात झाडं गेली आणि खडी तेवढी आणखी शुभ्र दिसायला लागली.

तळेगावचा माशांचा दुकानदार शादाब, त्याने पाणी तपासायची औषधाची बाटली दिली. नळीत आपलं पाणी घ्यायचं, त्यात एकेक थेंब टाकायचा, रंग बदलेपर्यंत. जितके थेंब जास्त तितकं पाणी जड. मी थेंब टाकत गेलो, टाकत गेलो. तमन्ना मध्ये उठून पोळ्या लाटून आली तरी रंग बदललेला नव्हता. बोअरचं पाणी तपासलं तर ते जड निघालं, पण टँकमधलं पाणी त्याच बोअरचं असून त्याहून जड! हे मात्र मला झोंबलं. पाणी माझंच, काच माझीच, मग हा वरचा भार कुणी टाकला? दोन दिवस दुकानात लक्ष लागेना. एका बाईंना मी पायऱ्यांसाठी भिंतीच्या टाइल्स दाखवल्या.

उत्तर जेवणाच्या ताटात मिळालं. मी लिंबू पिळत टँकपुढं उभा होतो (जेवताना टँकपुढं उभं राहायचं नाही असा घरात नियम झालाय तो त्यानंतर), रसाचा थेंब धुवायला काढलेल्या खडीवर पडला आणि दगड चुरचुरला. बारीक फेस आला. आपा, मी हातातलं ताट खाली ठेवलं. गेली तीस-बत्तीस वर्षं प्रत्येक गिऱ्हाइकाला बजावून सांगतोय की दादा, मार्बलवर लिंबू सांडू देऊ नका, ॲसिडने पुसू नका, दगड खाऊन जातो. ज्या दगडाला आंबट लागलं की तो विरघळतो, तो दगड मी स्वतःच्या हाताने पाण्यात टाकून वर पाणी जड का झालं म्हणून जगाला विचारत होतो! तमन्ना खुर्चीवर बसून हसली ती हसलीच. मग मी शिंपल्यावर लिंबू पिळलं. तोही चुरचुरला. त्यावर ती हसायची थांबली.

त्यानंतर मला लिंबाचा नाद लागला. खिशात लिंबू घेऊनच हिंडायचो. ओट्याचा ग्रॅनाइट: गप्प. कोंडाजी आबांच्या ओढ्यातला काळा दगड: गप्प. त्यांच्या बांधावरची चुनखडी: असली उसळली की आबा दोन पावलं मागं सरले. नळाच्या तोटीवरचा पांढरा थर, बादलीच्या कडेचा थर, गिझरच्या कॉइलवरचा थर, सगळे चुरचुरतात. जे तुझ्या डाळीला शिजू देत नव्हतं, साबणाला फेसू देत नव्हतं, तेच हे, घरभर बसलेलं, आणि मी इतकी वर्षं त्याला नुसते डाग म्हणत होतो. शेवटी मार्बल काढलं, शिंपले तमन्नाच्या शोकेसमध्ये गेले, आणि आबांच्या ओढ्यातली काळी बारीक खडी तळाला बसली. टँकची शोभा गेली, पण थेंब कमी झाले.

तरी झाडं अंग धरेनात. शादाब म्हणाला, असल्या पाण्यात झाडाला हवा खायला मिळत नाही, बुडबुडे द्या. बाटलीत साखर, कोमट पाणी आणि पावाचं यीस्ट घाला, झाकणातून नळी टँकमध्ये सोडा, आपोआप गॅस येतो. मी केलं. बुडबुडे इतके सुंदर यायला लागले की मी शेजारी खुर्ची टाकून बसायचो. पण साखर आणि यीस्ट बाटलीत कोंडल्यावर आणखी काय तयार होतं हे ना शादाबने सांगितलं, ना माझ्या डोक्यात आलं. (यायचं कसं? आपल्या सात पिढ्यांत कुणी केलेलं नाही.) वास खिडकीबाहेर गेला. संध्याकाळी कोंडाजी आबा आले, बसले, पावसापाण्याचं बोलले, मग हळूच खुर्ची पुढं ओढून म्हणाले, "नसीरभाऊ, पयल्या धारंची हाय का?" मी म्हणालो, आबा, ते झाडांसाठी आहे. आबा म्हणाले, "व्हय, आमी बी झाडामागंच ठेवायचो." त्यांना समजावेपर्यंत बाटलीने झाकण उडवलं, नळी सापासारखी नाचली, आणि सगळा आंबूस माल तुझ्या खोलीच्या नव्या पडद्यांवर गेला. त्या दिवशी तमन्ना काय काय बोलली ते मी लिहीत नाही, तू येशील तेव्हा ती स्वतःच पुन्हा म्हणून दाखवेल.

आता जे लिहितोय त्यावर रागावू नकोस. त्यानंतर मी दर रविवारी तुला भेटायला यायला लागलो, आठवतं? तू किती खूश झालीस. नसीरला बहिणीची आठवण यायला लागली, म्हणून सगळ्या आळीला सांगितलंस. आपा, मी पाण्याला येत होतो. तुझ्या नळाचं पाणी धरणात साठलेल्या पावसाचं, हलकं. चार थेंबांत रंग बदलतो. बरणीतल्या तुझ्या झाडाला मी शेवटी टँकमध्ये लावलं होतं आणि त्याला माहेरचं पाणी पाजायचं ठरवलं होतं. (तब्येतही विचारत होतोच. दोन्ही कामं व्हायची.) न्यायला घट्ट झाकणाचा कॅन हवा होता, तर तुझ्या माळ्यावर तुम्ही हजहून झमझमचं पवित्र पाणी आणलेला रिकामा कॅन सापडला. तो धुऊन, भरून, लोकलने घोरावाडी स्टेशनला उतरायचो. आता डोक्यावर टोपी, हातात तो हिरव्या लेबलचा कॅन, आणि चेहऱ्यावर तो सांडू नये म्हणून आलेला भक्तिभाव, हे बघून नंदाबाईंना काय वाटणार? (नंदाबाई म्हणजे कोंडाजी आबांच्या मालकीणबाई.) त्या फाटकातच उभ्या. "भाऊ, तुमच्या हाजचं पानी ना ते? घोटभर आमाला दिलं तर काय कमी पडंल?" मी म्हणालो, मावशी, हे तुंगार्लीच्या नळाचं आहे. त्या म्हणाल्या, "सांगा, सांगा. आमाला न्हाई द्यायचं तर न्हाई म्हना." आता काय करायचं? तोबा तोबा करत, नळाचंच आहे असं आणखी एकदा सांगून, तांब्याभर दिलं. दुसऱ्या रविवारी त्या म्हणाल्या की गुडघा लय हलका झालाय. तिसऱ्या रविवारी त्यांच्याबरोबर त्यांची नणंद होती. आपा, गुरुवारी मी गावात हातभट्टीवाला होतो आणि रविवारी वली-अवलिया. मी पाणी आणायचं थांबवलं तेव्हा नंदाबाईंनी आठवडाभर तोंड फिरवलं, आणि आता आबांना घरचा कॅन देऊन थेट तुझ्याकडे धाडलंय. त्यांना भरून दे, पण तुझ्या तोंडानेही एकदा सांग की ते नळाचं आहे. मी माझ्या परीने सुटलो.

थांबवलं का, ते आता सांगतो. एवढं माहेरचं पाणी पाजूनही तुझ्या झाडाची पानं गळायला लागली. गळाली म्हणजे विरघळलीच, बोट लावलं की शेंबडासारखी हातात यायची. दर रविवारी मी तुझं पाणी घालायचो, मधल्या दिवसांत जेवढं उडायचं तेवढं बोअरचं भरायचो, आणि दर सोमवारी एक पान खाली. शेवटचं पान गेलं त्या दिवशी मी दुकान उघडलं नाही. तमन्ना म्हणाली, एवढं काय, झाडच आहे. पण तिलाही माहीत होतं की ते नुसतं झाड नाही. मनात आलं, शादाबकडून तसंच दुसरं आणावं, लावावं, आपाला काय कळतंय! मग आठवलं की तुला कळेल. दुल्हाभाई गेल्यापासून त्या टँककडे तू जेवढं बघितलंयस तेवढं मी माझ्या दुकानाकडेही बघितलेलं नाही. एकदा मी तुझ्या मागच्या नळाखाली कॅन लावून उभा होतो आणि आत तू टँकशी बोलत होतीस. सिलिंडर संपत आलाय, गुडघा रात्री ठणकतो, नसीर आलाय, जाडा झालाय. कॅन भरून वाहायला लागला, पण माझा हात नळाकडे जाईना. तेव्हाच ठरवलं की हे झाड मेलं तरी खोटं झाड दाखवून तुला आणायचं नाही.

निदान जुनं मूळ काढून टाकावं म्हणून खडीत हात घातला. खोड धरून ओढलं. ते येईना! वर एक पान नाही आणि खाली असं धरून बसलंय की खडी उचलली जातेय. मी घाबरून हात काढला आणि तसाच ओल्या हाताने शादाबकडे गेलो. तो म्हणाला, काका, या झाडाचं असंच असतं, पाणी बदललं की पानं टाकतं, मूळ जिवंत असतं. तुम्ही रविवारी एक पाणी देताय, सोमवारी दुसरं, त्याने करायचं काय? एक काय ते ठरवा. घरी आलो, झमझमचा कॅन माळ्यावर ठेवला, टँकमध्ये आपलं बोअरचं पाणी भरलं, आणि मग काहीच केलं नाही. काहीच न करणं हे माझ्या स्वभावाला किती जड गेलं ते तमन्नाला विचार.

परवा सकाळी चहाचा कप घेऊन टँकपुढं गेलो (चहाला नियम लागू नाही) तर खडीतून पान वर आलेलं. तुझ्याकडच्यासारखं हिरवं, लांब नाही. बुटकं, जाड, तांबूस, काठाला तीच नागमोड. शेजारी दुसरं गुंडाळलेलं. तुंगार्लीची पानं इथं चालली नाहीत, तर त्याने इथली काढली. आणि त्या पानावर पांढरं पीठ नाही. मी तमन्नाला हाक मारली ती एवढ्या मोठ्याने की नंदाबाईही धावत आल्या, आणि पान बघून म्हणाल्या, "पानी जालीम हाय, म्या म्हनलं न्हवतं?"

तर सौद्याप्रमाणे झाड रुजलंय. पण आपा, एक गोष्ट मला त्या टँकपुढं बसून कळली ती सांगतो आणि थांबतो. झाडाला सगळी पानं टाकावी लागली, मग नवी आली. तुला मी तसं करायला लावणार नाही. तुझं वय आहे का आता पानं टाकायचं? म्हणून छपराच्या पाण्याला पन्हाळी लावून मोठी टाकी बसवलीय; ते पाणी पावसाचंच, तुंगार्लीसारखं; अंघोळीला साबण फेसतो, मी स्वतः वापरून बघितलंय. डाळ आरओच्या पाण्यात मऊ शिजते, तमन्नाने तुझ्यासारखा लसूण घालून केली होती, मी तीनदा घेतली. आणि तुझ्या खोलीत पूर्वेच्या भिंतीला, उन्हापासून बाजूला, दुल्हाभाईंचा टँक मावेल एवढी जागा मोकळी केलीय. मोजून. तू त्याच्याशी काय बोलायचं ते बोल, आम्ही दार लोटून घेऊ. पण सिलिंडर संपत आलाय हे मला सांग. गुडघा ठणकतो तेही मला सांग. मी जाडा झालोय हे मला सांगायची गरज नाही.

तुझा धाकटा,
नसीर

ता. क.: येताना दुल्हाभाईंचा तो लांब वाकडा चिमटा विसरू नकोस. माझा हात टँकमध्ये गेला की तमन्ना ओरडते.

ता. क. २: तमन्नाने पत्र वाचलं. म्हणते, पानंच्या पानं भरलीत, आणि ये असं एकदाही लिहिलेलं नाही. मी पुन्हा वाचलं, खरंच नाही. तर आपा, ये. मला तू इथं हवीयस. झाड मेलं असतं तरी हेच लिहिलं असतं, फक्त पत्र याहून आखूड झालं असतं.

ता. क. ३: आता मोबाइलचं. नव्या पानाचा फोटो तुला पाठवावा म्हणून मी टँकवर वाकलो आणि फोन क्रिप्टोच्या शेजारी जाऊन बसला. पानाला काही झालं नाही. फोन सध्या तांदळाच्या डब्यात आहे. शनिवारी सकाळी मी टेम्पो घेऊन येतोय, टँक रिकामा करायला मीच मदत करीन. तुला नाही म्हणायचं असेल तर त्याआधी मला फोन करून कळव.